हाताचा गुण

वाटीच्या काठावर पेजेचा पांढरा ओघळ वाळत आला होता, आणि भाग्यश्रीची नजर त्यावरून हटेना. सकाळी तिनं दिलेल्या पेजेचा एक घोट घेऊन आईनं तोंड फिरवलं होतं. मंगलीवहिनीच्या हातून मात्र अख्खी वाटी गेली. बाळंतपणाला माहेरी आली असताना बी.एड.च्या परीक्षेपायी ती तान्ही लेक वहिनीपाशी टाकून जायची, तेव्हा आईनंच बजावलं होतं, “लेकरू ज्याच्या हातचं खाते, त्याचंच होते वं बाई.” ती हसली होती. लेक आताही सासरच्या गडचांदूरहून आल्या आल्या वहिनीच्याच पदराला... पण आईचंही असंच होईल, हे कुणी सांगितलं होतं?

आईच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलाय, ऑपरेशन होणार नाही, असं कळल्यावर मोबाईलवर वाचवाचून, फोन करकरून नागपूरचा तो डॉक्टर तिनं शोधला. पोटात सुया घालून गाठ गोठवायची. आजार बरा होत नाही, दुखणं कमी होऊ शकतं — एवढंच तो म्हणाला, आणि एवढ्याचसाठी ती आईच्या विनवण्या करत राहिली. वैनगंगेचे मासे बर्फात घालून आरमोरीच्या बाजारात विकण्यात जन्म गेलेली आई ऐकेना. “बरफानं मासा टिकते. तुमी त्या गाठीले टिकवून राह्यले का?” शेवटी मंगली सासूला म्हणाली, “चला ना आत्याबाई, मी आहो ना संगं.” आणि आई उठली! तिथंच... हो, तिथंच खुपलं असावं काहीतरी.

दुखणं ओसरलं. खरंच ओसरलं, आई कुशीवर वळून झोपू लागली. आणि शेजारची बायनाबाई पाहायला आली तेव्हा काय सांगितलं आईनं? “त्या खोलीतून भायेर आणलं तं नुसती कुडकुडत होती मी. मंगलीनं तळपाय घासले, तवा उतरलं दुखणं. गुण हाये तिच्या हाताले.”

“न् पोरीनं काई केलं नाई?” बायनाबाईनं डिवचलंच.

“तिनं कागदावर सह्या केल्या.”

सह्या...

आज दुपारी, बोलणं आता बंद झालेल्या आईच्या कपाळाला आठी पडली, हात पोटाकडं गेला. पायथ्याशी बसून मंगली तळपाय घासत होती, घासतच राहिली, आणि आठी काही जाईना — तेव्हा भाग्यश्रीच्या छातीत काहीतरी हलकं झालं. बघ आता. बघ तुझ्या हाताचा गुण... क्षणभरच. पण ते सुख होतं, दुसरं नाव नाही त्याला.

“ताई,” मंगली घाबरून म्हणाली, “आत्याबाईले दुखून राह्यलं का? पाहा बरं, तुमाले समजते.”

भाग्यश्री बाहेर ओट्यावर येऊन बसली. दुखतंय असं दिसलं तरच दुखण्यावरची जास्तीची गोळी द्या, गुंगी फार येते तिची, असं डॉक्टरनं सांगितलंय. आणि दिसायचं कुणाला, तर तिला. ती आठी खरंच होती, की मीच ती ओढून आणली? की होती, आणि माझं मेलीचं मन तिथंच रमलं... डोळ्यांत तेल घालून बसलेली मी, आणि माझ्याच डोळ्यांचा मला भरवसा उरला नाही. मंगलीला विचारू नका, तिला समजत नाही. मला तर नकाच विचारू. तुम्ही कुणीतरी आत जा, घटकाभर आईजवळ बसा आणि पाहून सांगा — तिला दुखतंय का हो?