मेणातला तुकडा

जिवल्या कारखान्यातून आला आणि आल्या आल्या त्याने खुंटीवरची पिशवी चाचपली. डबी नव्हती.

"आये, मेणाची डबी कुठं हाय?"

त्याची आई ठकी तांदूळ पाखडत होती. "पुरली."

"पुरली?"

"मंग? अंगाचं मांस हाय ते. पोराची नाळ आपण पुरतो ना? हे काय खुंटीवर टांगायचं?"

जिवल्याचं टाळकं फिरलं. महिन्यापूर्वी पालघरच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोच्या, मंगळीच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली होती. गाठीचा तुकडा मेणात बसवून दुर्बिणीखाली बघितला, तरी कॅन्सर की साधी गाठ ते उमगेना. मुंबईला आता नवीन तपासणी निघालीय, डॉक्टर म्हणाले. तुकड्याला औषध लावतात. पेशी तपकिरी झाल्या तर बहुतेक कॅन्सर, मग थायरॉइडची उरलेली ग्रंथीपण काढायची. नाय झाल्या तर सुटलो. डॉक्टरांनी डबीत घालून दिलेला तो तुकडा उद्या मुंबईला न्यायचा होता, आणि म्हातारीने त्याची माती केली!

"अडाणी कुठली! मंगळीचा जीव हाय त्यात!"

"मी काय उकिरड्यात फेकला? जीव हाय म्हणून तर वर चार तांदूळ ठेवले."

मंगळी दारात येऊन उभी राहिली. "भांडू नका. आत्ये, जागा दाखवा."

शेवग्याखाली जिवल्याने कुदळ उचलली तशी ठकीने त्याला ढकललं. "फोडशील मेल्या!" ती हातांनीच माती उकरत बसली. नखं भरली, एक तुटलं. अखेर डबी लागली. आत मुंग्या शिरल्या होत्या, पण मेण शाबूत होतं. मंगळीने फुंकर मारून मुंग्या उडवल्या.

दहा दिवसांनी पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईचा कागद वाचला. "पेशी तपकिरी झाल्यात. दुसरं ऑपरेशन करावं लागेल."

मंगळीने विचारलं, "आवाज जाईल का माझा?"

"जपून करू. पण आवाजाची नस तिथूनच जाते, बाई. खोटं नाही सांगत."

घरी परतताना बोईसरच्या एसटीत मंगळी खिडकीशी बसली. एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी बाई, पण आज थांबेचना. कुणाची भातं पिवळी पडली, माहेरी पाणी कुठून आणायचे, लग्नात जिवल्या कसा घाबरला होता. पुढचा माणूस वळून म्हणाला, "काय कटकट हाय!"

जिवल्या उठलाच, मुठी वळून. मग खाली बसला.

"बोल तू," तो म्हणाला. "मी ऐकतोय."