छताला बांधलेले डोळे

मित्रांनो, आखाती देशातल्या मुऐदर भागातल्या एका व्हिलाच्या गॅरेजचा मी जुना दरवाजा आहे. माझ्यासारखा दरवाजा तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिला नसेल, म्हणून आधी माझी रचना सांगतो. मी चार आडव्या पत्र्यांचा आहे. बिजागऱ्यांनी जोडलेले हे पत्रे छोट्या चाकांवर, बाजूच्या रुळांतून वर सरकतात आणि छताखाली जाऊन आडवे होतात. माझं वजन दोन धडधाकट माणसांहून जास्त आहे. ते पेलते माझ्या माथ्यावरची पीळ भरलेली स्प्रिंग. मोटर मला फक्त हलकासा रेटा देते.

कारखान्यातून आलो तेव्हा मला दोन डोळेही होते. दोन्ही बाजूंच्या चौकटीला, आतून, घोट्याच्या जरा वर ते बसवले होते. एका डोळ्यातून न दिसणारा प्रकाश निघायचा आणि समोरच्या डोळ्यात शिरायचा. मी खाली येत असताना कोणी तो प्रकाश अडवला, मग ते मांजर असो, चेंडू असो की एखादं मूल, तर मी थबकायचो आणि पुन्हा वर जायचो. माझ्या साऱ्या ताकदीत मला याच एका गोष्टीचा अभिमान होता. मी थांबू शकत होतो.

पुढे मालकाने व्हिलाचे दोन भाग करून दोन कुटुंबांना दिले. पुढचं दार एकाच्या वाट्याला गेलं. दुसऱ्या भागात कौशिक, मधुरा आणि त्यांची सहा वर्षांची गौरी राहायला आली. त्यांना घरात शिरायची वाट गॅरेजमधूनच होती. त्यामुळे माझी जागा हाच त्यांचा उंबरठा झाला. मधुराने माझ्यासमोर रांगोळीचा स्टिकर चिकटवला, चौकटीला तोरण बांधलं. आणि मराठी घराच्या उंबरठ्याशी जे होतं तेच इथेही झालं. सगळ्यांच्या चपला माझ्या चौकटीला टेकून राहू लागल्या.

कौशिक बांधकामाच्या साइटवर इंजिनियर होता. त्याचे उंच सेफ्टी बूट तो घरी आला की नेमका माझ्या डाव्या डोळ्यापुढे काढून ठेवायचा. मग मी अर्ध्यातून परत फिरायचो. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, पाहुणे आले की चपलांचा ढीगच पडे आणि मी काही केल्या बंद होत नसे. घरातली थंड हवा बाहेर, बाहेरची धूळ आत. मी बिघडलेलो नव्हतो, मित्रांनो. समोर काहीतरी आहे, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. पण खाली वाकून कोणी पाहिलं नाही.

एका शुक्रवारी जेवायला आलेल्या अरुणकुमारने शिडी मागितली. तो कौशिकच्याच साइटवरचा. हेल्मेटशिवाय कोणाला आत पाऊल टाकू न देणारी ही दोन माणसं. त्याने माझे दोन्ही डोळे चौकटीवरून सोडवले, वायर लांबवली आणि छताजवळ एका पट्टीला समोरासमोर बांधले.

"बसा आता एकमेकांकडे बघत," तो म्हणाला. "वहिनी, लावा बटण."

मी एका दमात खाली आलो. रुळांत वाळू बसल्याने मी जरा अडखळत होतो, तर त्याने मोटरवरचा स्क्रू पिळून तिचा जोर वाढवला.

मधुराला ते पटलं नाही. "अरे, पण ते खाली कशासाठी तरीच लावले असतील ना?"

"असतील," कौशिक म्हणाला. "पण मालकाला सांगायचं म्हणजे तो म्हणणार, बुकरा, इन्शाल्ला. त्याचं उद्या कधी उजाडलंय? आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की आपण निघणारच आहोत. पुढचा येईल तो बघेल."

त्या संध्याकाळी सगळ्यांनी अरुणकुमारचं कौतुक केलं. माझंही केलं. दरवाजा कसा लोण्यासारखा चालतोय, असं कोणीतरी म्हणालं. मी तेव्हा आंधळा झालो होतो.

मग ती शाळेची सकाळ आली. कौशिकने गाडी मागे घेत बाहेर काढली. गौरी तिच्या बसची वाट बघायला फाटकाशी जाणार होती. मधुरा आत तिची पाण्याची बाटली भरत होती.

"गौरी, बूट घातलेस का गं?"

"आय ॲम वेअरिंग देम, आई."

ती माझ्या बरोबर खाली बसली होती, पाय लांब करून, बुटाच्या बंदाशी झटापट करत. रस्त्याला लागता लागता कौशिकने रोजच्यासारखं रिमोटचं बटण दाबलं. मागे वळून पाहिलं नाही. गाडीच्या काचा वर होत्या, एसी चालू होता.

मी खाली आलो. माझे डोळे छताशी एकमेकांकडे बघत होते. त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

मधुराने धावत येऊन भिंतीवरचं बटण दाबलं तेव्हा मी उठलो.

गौरीचं नडगीचं हाड मोडलं होतं. मोडलेलं हाड जुळतं. पण मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा एक पट्टा असतो, तोच चिरडला होता. तो पाय आता दुसऱ्याइतका वाढेल की नाही, हे काही वर्षांनीच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मधुराने हे फोनवर आपल्या आईला सांगितलं, तेव्हा ती माझ्याच शेजारी उभी होती. कौशिक समोर बसून नुसता रिमोटकडे बघत होता.

त्याने मोटरचा प्लग काढला आणि मला पुन्हा हात लावला नाही. ऑपरेशनसाठी ते भारतात निघून गेले. डोळे खाली आणायचे, निदान मालकाला सांगायचं, हे त्या धावपळीत राहून गेलं.

आता इथे श्रेयस आणि नमिता राहतात. आल्या दिवशी श्रेयसला लोंबणारा प्लग दिसला. त्याने तो लावला, बटण दाबलं, आणि मी उघडलो. "अगं, चालू आहे हा! मस्त आहे," तो आनंदाने म्हणाला. त्यांचा मुलगा नुकता रांगायला लागला आहे. बाहेर ऊन सोसवत नाही, म्हणून नमिता त्याला गॅरेजमध्येच सतरंजीवर सोडते. सतरंजी त्याला पुरत नाही. उजेडाची फट दिसली की तो तिच्या दिशेने निघतो, आणि ती फट नेहमी माझ्याच खाली असते.

मित्रांनो, तुमच्या घरी असा दरवाजा असेल तर आजच मोठ्यांना सांगा. दरवाजाखाली एक रिकामं खोकं ठेवा, लांब उभे राहा आणि बटण दाबा. तो खोक्यावर न थांबता आला, तर तुमच्या घरातही एक आंधळा राहतो आहे. दरवाजा पूर्ण बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहा. रिमोट मुलांच्या हाती देऊ नका. दरवाजा परत परत वर जात असेल, तर त्याला गप्प करण्याआधी खाली वाकून बघा.

हे मी तुम्हाला सांगू शकतो. श्रेयसला सांगू शकत नाही. त्याची गाडी आता गल्लीत वळली आहे. तो फाटकाबाहेरूनच बटण दाबतो, मी वर जातो, तो आत येतो आणि उतरता उतरता पुन्हा दाबतो. नमिता स्वयंपाकघरात आहे. बाळाने सतरंजीची कड ओलांडली आहे.

कोणीतरी एकदा छताकडे बघा.