ओट्यामागची खरखरीत टाइल

मित्रांनो, मी एक जुनी खरखरीत टाइल आहे. स्वयंपाकघरात गॅसच्या मागे, भिंतीच्या अगदी मधोमध माझी जागा आहे. माझ्या अंगावर खडकासारखे उंचवटे आहेत, त्यांच्यामध्ये खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत तेल आहे. सांगायला लाज वाटते, पण मला घासण्यासाठी या घरात दात घासायचा एक जुना ब्रश वेगळा ठेवलेला आहे. आणि सगळ्यात संतापाची गोष्ट अशी की, मला इथे लावावं असं या घरातल्या एकाही माणसाला मनापासून वाटलं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. बारीक माती साच्यात दाबली, साच्यातले उंचवटे माझ्या अंगावर उमटले, मग मला भट्टीत घातलं. बाहेर आले तेव्हा वाटलं, चला, भाजून निघाले, आता सुखाचे दिवस! कसलं काय! माझ्या बहिणी खोक्यांत बसून लोकांच्या घरी गेल्या. कोणी जिन्याशेजारच्या भिंतीवर लागली, कोणी फाटकाच्या खांबावर. माझ्या पाठीवर मात्र 'नमुना' अशी चिठ्ठी चिकटली आणि माझी रवानगी दुकानातल्या फळीवर झाली.

तिथे माझ्या एका बाजूला बिनचमकेची करडी टाइल होती आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चकचकीत. गिऱ्हाइकं त्या पांढरीत बघून केस सारखे करायची आणि माझ्यावरून हात फिरवून म्हणायची, "वा, काय दिसतेय!" मग बिनचमकेची नाहीतर पांढरी घेऊन जायची. दुकानदार प्रत्येकाला सांगायचा, "सध्या हीच चालतेय." मी वर्षानुवर्षं जागची हलले नव्हते, तरी म्हणे चालतेय! नुसत्या कौतुकाने कोणाचं पोट भरत नाही, तशी टाइलला भिंतही मिळत नाही. मला एक भिंत हवी होती, एवढंच.

एके दिवशी दुकानात तिघं जण आले. सासरे, सून आणि मुलगा. त्यांच्या ओट्यामागच्या जुन्या टाइल्स फुगून सुटल्या होत्या, म्हणून त्या काढून टाकल्या होत्या. सासूबाई मुलाच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. स्वयंपाकघर सासरे आणि सून मिळून सांभाळत. सकाळचं त्यांच्याकडे, संध्याकाळचं तिच्याकडे. दोघं एकमेकांना काचेच्या भांड्यासारखं जपत. समोरच्याचं मन दुखेल म्हणून कोणीही कधी 'नको' म्हणत नसे.

सासऱ्यांनी माझ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ फिरवलं. मला कळत होतं, ते नखाने माझ्या खाचांची खोली बघत होते. शेजारी उभ्या सुनेला वाटलं, बाबांना ही फार आवडली. ती हसली. सासऱ्यांनी वर पाहिलं, तर सून हसतेय. त्यांना वाटलं, पोरीचं मन हिच्यावर बसलं. झालं! माशी तिथेच शिंकली.

"छान आहे, नाही?" सासरे म्हणाले.

"खूपच छान आहे, बाबा."

"तुम्ही दोघं ठरवा," मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "मला काय, वेळेवर जेवायला मिळालं म्हणजे झालं."

दुकानदाराने आम्हा तिघींना घरी नेऊन बघायला दिलं. आम्ही ओट्यावर, उघड्या सिमेंटला टेकून उभ्या राहिलो. सकाळी सासरे चहा करायला आले. त्यांनी पांढरीवर चार थेंब दूध शिंपडलं आणि फडक्याच्या एका फटक्यात पुसलं. मग माझ्यावर शिंपडलं. दूध खाचांत जाऊन बसलं, फडकं वरच्यावर फिरलं. "ही काही खरी नाही," ते पुटपुटले. "पण पोरीला आवडलीय, चालायचंच."

संध्याकाळी सून आली. कांदा तेलात पडला, तेल उडालं. तिने पांढरी पुसली, मला पुसलं, परत पुसलं, आणि कपाळाला आठ्या घालून बहिणीला फोन लावला. "ताई, मला ती पांढरी हवीय गं. पण बाबांचा जीव या खरखरीत टाइलवर जडलाय. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच त्यांनी एखादी वस्तू इतक्या आवडीने हात लावून बघितली. मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी किंचाळले असते. अरे, दोघांनाही पांढरीच हवी आहे! पण मी मातीची, मुकी. आणि खरं सांगायचं तर भिंत मलाही हवी होती. पण अशी?

रविवारी जेवताना सासरे म्हणाले, "मग खरखरीतच ना?"

"हो बाबा, तीच."

बिनचमकेची आणि पांढरी दुकानात परत गेल्या. माझ्या बहिणींची खोकी आली. त्यातली एक वाटेत फुटली होती, म्हणून गवंड्याने पाठीवरची चिठ्ठी खरवडून मलाच गॅसच्या मागे बसवलं. पाहुणे आले की म्हणत, "काय भिंत आहे हो!" त्या पाहुण्यांना घासायचं थोडंच होतं.

थोड्याच दिवसांत आमच्या खाचांत तेल साचलं. सासरे सकाळी सून उठायच्या आत ब्रश घेऊन मला घासत, तिला त्रास नको म्हणून. सून संध्याकाळी ते फिरायला गेले की घासत असे, त्यांची आवडती भिंत मळकी दिसू नये म्हणून. सुरुवातीला त्यात माया होती. मग मनगटं दुखायला लागली. सासरे मनात म्हणत, आवड हिची आणि घासायचं मी. सून मनात म्हणे, हौस यांची आणि हाल माझे. भांडी आपटली जाऊ लागली. जेवताना कोणी कोणाशी बोलेना. मुलगा विचारी, "काय झालंय?" आणि दोघंही म्हणत, "कुठे काय!" माझ्यापायी एक चांगलं घर घुम्यासारखं बसलं होतं आणि मी भिंतीला चिकटून ते बघत होते.

शेवटी एका दुपारी दोघं एकाच वेळी ब्रश शोधत आले.

"राहू दे, मी घासतो," सासरे तुटकपणे म्हणाले. "तुझ्या आवडीची भिंत ना, रोज मीच तर घासतोय."

"माझ्या आवडीची?" सुनेचा आवाज चढला. "बाबा, तुमच्यासाठी घेतली ही! मला ती पांढरी हवी होती."

सासरे खुर्चीवर बसले. "अगं, मलाही पांढरीच हवी होती."

सुनेने ब्रश सिंकमध्ये भिरकावला. तिचे डोळे भरून आले होते. "मग एकदा बोलायचं नाही का?"

"तू तरी कुठे बोललीस?"

कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. मग सासरे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला ही अजिबात आवडत नाही."

"मलाही नाही. मला बघवतसुद्धा नाही."

"आणि तुझ्या भाजीत मीठ कमी असतं."

"तुम्ही टीव्ही फार मोठा लावता, बाबा."

मग दोघं कितीतरी वेळ एकमेकांना काय काय सांगत बसले, आणि मुलगा दारात येऊन बावळटासारखा बघत राहिला.

मला कोणी काढलं नाही. भिंत पुन्हा फोडायची म्हणजे खेळ नाही. आता एक दिवस ते घासतात, एक दिवस ती, आणि दोघंही मला मोठ्याने शिव्या देतात.

मित्रांनो, आम्हाला स्वच्छ ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी, आम्हाला घेताना तोंड उघडा. हवी असेल तर हवी म्हणा, नको असेल तर नको म्हणा, दुसऱ्याच्या मनातलं परस्पर ठरवू नका. फळीवर असताना हजार माणसं मला 'छान' म्हणाली आणि पुढे गेली. त्या दुपारी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या तोंडावर खरं बोललं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू? मला फार बरं वाटलं.