नवसाच्या कोंबड्याचं औषध

सोजरबाईंच्या अंगणात नऊ पक्षी होते. त्यातल्या आठ कोंबड्यांना जंत झाले होते आणि नवव्याला झाले नव्हते, असं सोजरबाईंचं म्हणणं होतं. नववा नवसाचा कोंबडा होता. देवाच्या नावानं राखलेल्या जिवाला जंत होतीलच कसे? सोजरबाईंशी या विषयावर वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं.

धायरीतली त्यांची शेतं कधीच इमारतींखाली गेली होती. उरलं होतं घर, मागचं अंगण आणि कुंपणाच्या भिंतीतला शेंदूर फासलेला म्हसोबा. बिल्डरनं भिंत घालताना त्याच्यासाठी कोनाडा सोडला होता. बिल्डर झाला म्हणून काय झालं, म्हसोबाशी वाकडं कोण घेणार? कुसुमला, त्यांच्या सुनेला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तिसऱ्या खेपेला सोजरबाईंनी त्या कोनाड्यापुढे पदर पसरला. मूल सुखरूप हाती आलं की कोंबडा देईन म्हणाल्या. एक तांबडा, देखणा कोंबडा निवडून त्याच्या पायात हळदीचा दोरा बांधला. त्यांच्या घरची रीत अशी, की दोरा बांधल्यापासून त्या कोंबड्याच्या चोचीत माणसाच्या हातानं काही घालायचं नाही. त्यानं आपलं आपण टिपून खायचं. हातानं भरवलं की नवस बाटला.

आता कुसुमला आठवा महिना लागला होता, आणि कोंबड्यांचे तुरे फिके पडले होते. विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसले तेव्हा सोजरबाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"किती पक्षी आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ."

डॉक्टरांनी अंगणात नजर फिरवली. "आणि तो पायात दोरा बांधलेला? पाहुणा आलाय का?"

"त्यो देवाचा हाय."

"असं होय. मग जंतांना तसं सांगून ठेवा." त्यांनी बाटली काढून दिली. "एकेकीच्या चोचीत दहा थेंब. मोजून. एकवीस दिवस पुन्हा द्यायचं नाही. अशक्त पक्ष्याच्या पोटात दुप्पट गेलं तर हेच औषध जीव घेतं. आणि आजी, एक जरी सुटला तरी त्याच्यापासून पुन्हा सगळ्या अंगणात जंत होतील."

कुसुम दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. सोजरबाईंनी आठ कोंबड्यांना थेंब पाजले आणि बाटली फडताळात ठेवून दिली.

दहा-बारा दिवसांत कोंबड्यांचे तुरे लाल झाले. नवसाचा कोंबडा मात्र वाळत चालला. आधी त्याचा आवाज घोगरा झाला, मग तो आरवायचाच थांबला. शेजारच्या इमारतीतले गृहस्थ आजवर त्याच्या आरवण्याची तक्रार करत आले होते. ते गॅलरीतून म्हणाले, "काय आजी, गजराचा सेल संपला वाटतं?" एरवी सोजरबाईंनी त्यांना असं सुनावलं असतं की आठवडाभर त्यांनी गॅलरीचं दार उघडलं नसतं. त्या दिवशी त्या खाली मान घालून अंगण झाडत राहिल्या. कोंबड्याच्या छातीचं हाड त्यांच्या बोटांना विळीच्या पात्यासारखं लागलं होतं.

त्या घाबरल्या होत्या. औषध द्यावं तर नवस बाटतो. न द्यावं तर कोंबडा मरतो, आणि बाळंतपणाआधी नवसाचा कोंबडा मरणं म्हणजे काय, हे त्यांना मनातसुद्धा उच्चारवत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

"आई, कोंबडा बरा आहे ना?" कुसुमनं खिडकीतून विचारलं.

"बरा हाय की. उन्हानं सुस्तावलाय."

कुसुम मान हलवून आत गेली. तिनं पुन्हा काही विचारलं नाही, याचंच सोजरबाईंना बरं वाटलं.

मंगळवारी त्या मंडईत भाजी आणायला गेल्या. बुधवारी सकाळी पाहतात तर कोंबडा पंख सांडून बसलेला, मान उचलवत नव्हती. आता मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी फडताळातली बाटली काढली. औषध आठवत होतं त्यापेक्षा कमी दिसलं. झाकण सैल राहिलं असेल, असं म्हणून त्यांनी तो विचार झटकला. मग कोनाड्यापुढे उभ्या राहिल्या.

"देवा, हात माझा हाय. कोप करायचा तर माझ्यावर कर. लेकराला काय करू नगंस."

त्यांनी कोंबड्याची चोच उघडली आणि मोजून दहा थेंब पाजले.

दुपारपर्यंत कोंबडा गेला. मान वाकडी झाली होती आणि मागं जंतांचा गुंता पडला होता. कुसुमच्या नजरेस पडायच्या आत पुरून टाकावा म्हणून सोजरबाईंनी खुरपं उचललं, तेवढ्यात मागच्या दारात कुसुम येऊन उभी राहिली.

"आई, माझ्यामुळे गेला तो," ती म्हणाली आणि रडू लागली. "काल तुम्ही मंडईत गेल्यावर मी त्याला दहा थेंब पाजले. तो मेला असता तर तुम्ही खचला असतात. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही पाजू दिलं नसतं."

बाटलीतलं औषध कमी का होतं, ते सोजरबाईंना आत्ता कळलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी खुरपं टाकलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू एकलीनं न्हाई, पोरी. आज सकाळी म्या बी पाजलं. पर तू भिऊ नगंस. द्यायच्या आधी म्या म्हसोबाला सांगितलंय, कोप करायचा तर माझ्यावर कर."

कुसुमचं रडणं एकदम थांबलं.

"मीपण सांगितलं त्याला," ती म्हणाली. "काय व्हायचं ते माझ्या अंगावर येऊ दे, म्हटलं."

सोजरबाईंचा हात तिच्या पाठीवरच थांबला. कुसुमनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं.

"आई, मी एकटी नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही हो."