मर्लपेक्षा एक जास्त

हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, तसं शेजारच्या मर्लनं रायफलची काडतुसं घरी भरायला फिरत्या चकतीवर सात साचे बसवलेलं यंत्र आणलं. ऑर्विलच्या पोटात दुखायला लागलं.

"तुझं जुनं काय वाईट आहे?" दुकानदारानं विचारलं.

"मर्लपेक्षा एक साचा जास्त असलेलं दाखव!"

आठ साच्यांचं घरी आलं. बापाचं एका साच्याचं बोजड यंत्र ऑर्विलनं अंगणात मांडून विकून टाकलं.

रविवारी नेमबाजीला मर्लच्या सगळ्या गोळ्या मधोमध. ऑर्विलच्या कुठेही.

"तुझ्या त्या सात साच्यांत असं आहे तरी काय?" ऑर्विल फणकारला.

"ते धूळ खातंय," मर्ल म्हणाला. "ही काडतुसं तुझ्या बापाच्या यंत्रावर भरली. बायकोनं तुझ्याच अंगणातून आणलं ना!"