वरची गुंडी

“वरची गुंडी लावा की. डॉक्टरांसमोर बसलोय आपण,” बायकोने हळूच कोपर मारलं.

त्याने गुंडी लावली आणि ठसका लागला. कोरडा, थांबता थांबेना. गुंडी काढली तसा ओसरला.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. “परत लावा बरं.”

पुन्हा ठसका.

तो कोर्टात पक्षकारांची नावं पुकारायचा. सगळे त्याला भोंगा म्हणत. दारात उभं राहून त्याने नाव घेतलं, की फाटकापाशी चहा पिणारा माणूस कप ठेवून धावत यायचा. तोच गळा संध्याकाळी भजनात ध्रुपद धरायचा. देवाने मला एकच गोष्ट दिली, पण हात सैल सोडून दिली, असं तो म्हणे. हल्ली मात्र गणवेशाची कॉलर बंद केली की खोकला. घसा असेल म्हणून काढे झाले. कापड आटलं असेल म्हणून बायकोने गुंडी सरकवून लावली. मानेवर सुपारीएवढी गाठ दिसली, तेव्हा कुठे दोघं इथे आली होती.

बाईंनी गाठ दोन बोटांत धरली. ती आडवी हलली, वर-खाली मात्र हलेना. दाबताच पुन्हा ठसका.

“खोकला घशाचा नाही, या गाठीतून जाणाऱ्या नसेचा आहे.”

“म्हणजे माझे काढे फुकट गेले,” बायको म्हणाली.

“फुकट कसे? पोट साफ राहिलं,” तो म्हणाला. हसलं कुणीच नाही.

स्कॅन झाला, सुई घालून तपासणी झाली. पुढच्या खेपेला बाईंनी आधी दोघांना बसवलं.

“कॅन्सर नाही. नसेवरच्या आवरणाची साधी गाठ आहे, क्वचित दिसते. पण वाढतेय. आणि ही नस आवाजाकडे जाते.”

“काढली तर आवाज जाईल?”

“बसू शकतो, खोटं कशाला सांगू. वायरीच्या वेष्टणात फुगा आलाय असं समजा. तारा त्याच्यावरून पसरल्यात. त्या बाजूला सारून आतली गाठ सोलून काढायची. तार तुटू नये म्हणून मी जीव ओतीन.”

“आणि देव?” बायकोने विचारलं.

“त्याला सांगा, माझा हात स्थिर ठेव म्हणावं.”

बाहेर बाकावर बसून त्याने वरची गुंडी चाचपली. मग म्हणाला, “आवाज गेला तर फायली वाहीन.”

“वाहा. ध्रुपद मी धरेन.”

“तू? सूर पळून जाईल.”

“मग त्याला आणायला तुम्हाला यावंच लागेल.”

ऑपरेशननंतर तो कामावर निघाला, त्या सकाळी गुंडी पुन्हा मूळ जागी शिवलेली होती. त्याने ती लावली आणि सवयीने क्षणभर वाट पाहिली. ठसका आला नाही.

कोर्टाच्या दारात उभं राहून त्याने पहिलं नाव घेतलं. आवाज खरखरीत निघाला, निम्माच. गळा हळूहळू उघडेल, असं बाई म्हणाल्या होत्या. व्हरांड्यातली कुजबुज आपोआप थांबली. माणसं कान देऊन उभी राहिली. त्या शांततेत त्याने नाव दुसऱ्यांदा घेतलं.

फाटकापाशी कुणीतरी कप खाली ठेवला.