पुराजीवशास्त्राला एक वाक्य

शाळकरी मुलांच्या शब्दकोशात बाईंकडे काम एवढंच होतं: अर्थापुढे वापराचं एक वाक्य द्यायचं. पण त्यांचा हट्ट अख्ख्या कचेरीला पाठ झाला होता. वाक्य बसल्या जागी रचायचं नाही. ते कुणाच्या तरी तोंडून आपल्या कानांनी ऐकलेलं हवं, आणि आपण शब्द न सुचवता. ‘कुरकुर’ला कचेरीतच पंधरा वाक्यं मिळाली होती.

‘पुराजीवशास्त्र’पाशी मात्र चार दिवस गाडी अडली. ‘दगडात उरलेल्या खुणांवरून फार पूर्वीच्या जिवांचा अभ्यास करण्याचं शास्त्र’ हा अर्थ तयार होता. वाक्य नव्हतं.

“पाचपर्यंत द्या, नाहीतर शब्दच गाळतो,” संपादक म्हणाले. “कुणी बोलतच नाही, तर त्याने जागा का अडवावी?”

बाईंना ते लागलं. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बाईंना आपला मावसभाऊ नेमकं काय करतो, हे याच शब्दामुळे कळलं होतं. त्या तडक संग्रहालयात गेल्या. मागच्या खोलीत, दिव्याखाली, तो सुईने आणि छोट्या ब्रशने दगडातला शिंपला मोकळा करत होता.

“दादा, तू काय काम करतोस?”

“दगड साफ करतो.”

“म्हणजे कसलं काम?”

“बारीक. हलवू नकोस टेबल.”

“कुणी परकं विचारलं तर काय सांगतोस?”

“सरकारी नोकरी.”

बाईंनी कपाळावर हात मारला. साडेतीन वाजले होते. तेवढ्यात विसरलेला डबा घेऊन वहिनी आल्या आणि टेबलाकडे बघून कडाडल्याच.

“हा इथे आहे होय! कालच आणलेला! वन्सं, तुम्हीच बघा. या पुराजीवशास्त्रापायी आमच्या घरात एक टूथब्रश टिकत नाही!”

बाईंची पेन्सिल धावली. “वहिनी, हे छापू?”

“अगं बाई! लोक काय म्हणतील?” वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. “छापा. पण ‘एक नवा टूथब्रश’ म्हणा. जुने मी आपणहून देते यांना.”

“तुम्हीच एकदा तसं म्हणा की.”

वहिनींनी नवऱ्याकडे रोखून बघत ते खणखणीत म्हटलं. दादाने मान वर न करता डबा जवळ ओढला.

पाचाला दहा कमी असताना संपादकांनी वाक्य दोनदा वाचलं. मिशी हलली.

“राहू द्या शब्द,” ते म्हणाले. मग कागद परत देता देता, “पण ते गृहस्थ दात कशाने घासतात?”

“विचारायचं राहूनच गेलं,” बाई म्हणाल्या आणि खुशीत ‘पुराण’कडे वळल्या.